बिल्डची ओव्हरहॉलिंग: मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पातील बिल्ड आणि कॉन्फिग कसे राखावे

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमचे कार्यालय मारुती चौकाजवळ तळमजल्यावर होते. पाणी शिरण्याच्या आदल्या रात्री आम्ही टेबले एकमेकांवर रचली, कागदपत्रे माळ्यावर टाकली आणि सगळे संगणक वरच्या मजल्यावर नेले. मात्र जुन्या प्रिंटरच्या मागे असलेला एक काळा डबा सर्वांच्याच नजरेतून सुटला. तो डबा म्हणजे आमचे बिल्ड मशीन होते, आणि त्याचे नाव कार्यालयाच्या कोणत्याही यादीत नव्हते. सोर्स कोड दूरच्या सर्व्हरवर असल्यामुळे त्यातील एक ओळही गेली नाही. तरीही त्याच कोडपासून साखर कारखान्यांत चालणारे सॉफ्टवेअर पुन्हा तयार करायला आम्हाला जवळजवळ पाच आठवडे लागले, आणि तोवर बॉयलर अग्निप्रदीपनाच्या तारखा कळवणारे फोन सुरू झाले होते.

त्या पाच आठवड्यांत आणि त्यानंतरच्या हंगामांत जे हाती लागले ते येथे पायरीपायरीने मांडले आहे. आमचे सॉफ्टवेअर ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, वाहतूक आणि पंधरवडा बिले सांभाळते. काट्याशी बोलणारा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे, सर्व्हर जावामध्ये आहे, गट कार्यालयातील पडदे जावास्क्रिप्टमध्ये आहेत आणि चिटबॉयच्या (शेतावर उसाच्या नोंदी घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) हातातील ॲप अँड्रॉइडवर चालते. प्रत्येक कारखान्याची पद्धत थोडी निराळी असल्यामुळे एकाच कोडपासून अनेक रूपे निघतात. लिहिलेल्या कोडपासून चालणारी वस्तू बनवण्याची संपूर्ण साखळी म्हणजे बिल्ड, आणि तीच वस्तू ठिकाणानुसार वेगळी वागावी म्हणून तिला बाहेरून दिलेली माहिती म्हणजे कॉन्फिग, एवढ्या अर्थाने हे दोन शब्द पुढे येतील. त्यांना आम्ही काही दिवस मराठी प्रतिशब्द वापरून पाहिले, पण बैठकीत ते कोणीच उच्चारीना.

कोऱ्या मशीनची परीक्षा

सुरुवात कोणतेही नवे साधन बसवण्यापासून करू नये. आधी आपल्याकडे काय आहे याचा पंचनामा करावा, आणि त्यासाठी कोऱ्या मशीनइतकी प्रामाणिक पद्धत दुसरी नाही. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय काहीही नसलेले एक व्हर्च्युअल मशीन घ्यावे, त्यावर रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास असलेले कोठार) उतरवावी, प्रकल्पाच्या माहितीपत्रात लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा द्याव्यात आणि जेथे अडेल तेथे नेमके काय कमी पडले ते वहीत लिहावे. हे काम प्रकल्पातील सर्वांत अनुभवी माणसाला देऊ नये, कारण त्याचे हात लिहून न ठेवलेल्या गोष्टी नकळत करून टाकतात. सर्वांत नव्या सहकाऱ्याला बसवावे, आणि जुन्यांनी मागे उभे राहून तोंड बंद ठेवावे. यातील दुसरा भाग अधिक कठीण जातो.

पुरानंतर आम्ही हे प्रथम केले तेव्हा वहीची अडीच पाने भरली. त्यात कंपायलरची (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) नेमकी आवृत्ती होती, कोणीतरी हाताने सिस्टिम फोल्डरमध्ये टाकलेली एक लायब्ररी होती, नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या नावाचा फोल्डर गृहीत धरणारा मार्ग होता, कधी तरी एकदा ठरवलेली आणि पुढे विसरली गेलेली तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिममधून प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग) होती, आणि बिलाच्या छपाईसाठी लागणारा देवनागरी फॉन्टही होता. सर्वांत वेळखाऊ नोंद भाषेची निघाली. विंडोजवरील व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरला युटीएफ-८ या अक्षरसंकेताचा पर्याय स्पष्ट दिला नाही आणि फाईलच्या आरंभी तशी खूण नसेल, तर तो सोर्स फाईल त्या मशीनच्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या तेथील तक्त्याप्रमाणे, वाचतो. जुन्या डब्यावर कोणीतरी ती सेटिंग बदलून ठेवली होती, नव्या मशीनवर ती नव्हती, आणि त्यामुळे ‘तोडणी’ या शब्दाच्या जागी पावतीवर चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटू लागली. मराठी मजकूर असलेल्या कोणत्याही प्रकल्पात हा पर्याय बिल्डच्या फाईलमध्येच लिहून ठेवावा.

वहीतील प्रत्येक नोंदीला दोनच वाटा असतात: ती गोष्ट रिपॉझिटरीतील एखाद्या फाईलने आपोआप आणून द्यावी, किंवा ती नसल्यास बिल्डने पहिल्या मिनिटातच थांबून काय हवे आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. चाळीस मिनिटे कंपाइल होऊन शेवटी लिंकर (कंपाइल झालेले भाग जोडणारा प्रोग्राम) एखाद्या अनोळखी नावावर अडतो, तेव्हा तो निरोप कोणालाही काही शिकवत नाही. पंचनामा संपल्यावर माहितीपत्रातील सूचना जितक्या आखूड होतील तितके काम पुढे सरकले असे समजावे. आमचे लक्ष्य रिपॉझिटरी उतरवण्याची एक आज्ञा आणि बिल्डची एक आज्ञा असे होते, व ते गाठायला दोन उन्हाळे लागले.

साधने आणि लायब्ररी बांधून ठेवणे

दुसऱ्या पायरीत प्रत्येक बाहेरील वस्तूची आवृत्ती नेमकी ठरवावी. ‘अमुक आवृत्ती किंवा त्याहून नवी’ असे लिहिणे म्हणजे उद्याच्या बिल्डचा निर्णय अनोळखी माणसाच्या हाती सोपवणे होय. जावाच्या बाजूला ग्रेडल या बिल्ड साधनाचा रॅपर (ठरलेली आवृत्ती उतरवणारी छोटी स्क्रिप्ट) रिपॉझिटरीतच ठेवावा आणि त्यात उतरवायच्या फाईलचा चेकसम, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडाही नोंदवावा. मेव्हन हे साधन वापरत असल्यास स्नॅपशॉट (अजून पक्क्या न झालेल्या) आवृत्त्या प्रकाशित बिल्डमध्ये येऊ देऊ नयेत, कारण त्याच नावाखालील वस्तू रोज बदलू शकते. जावास्क्रिप्टच्या बाजूला लॉकफाईल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली फाईल) कमिट करावी, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवावी, आणि सर्व्हरवर एनपीएम या पॅकेज साधनाची ‘इन्स्टॉल’ आज्ञा न वापरता ‘सीआय’ ही आज्ञा वापरावी. ती लॉकफाईलप्रमाणेच पॅकेजे बसवते आणि लॉकफाईल व पॅकेजची यादी यांत तफावत आढळली तर काम पुढे न रेटता थांबते. कंटेनरमध्ये (सर्व साधनांसह बंद केलेल्या खोक्यासारख्या वातावरणात) बिल्ड करत असाल तर त्याच्या प्रतिमेच्या टॅगवर विसंबू नये. टॅग हा हलवता येणारा फलक आहे, तर डायजेस्ट हा त्या प्रतिमेच्या आशयावरून काढलेला हॅश असल्यामुळे तो बदलत नाही.

यापुढची गोष्ट म्हणजे या सर्व वस्तूंची प्रत आपल्या ताब्यातील सर्व्हरवर असणे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने एनपीएमवरून आपली पॅकेजे काढून घेतली आणि त्यांतील ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज नाहीसे झाल्यामुळे जगभरातील असंख्य प्रकल्पांचे बिल्ड त्या दिवशी अडले. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांना ही बातमी वर्तमानपत्रासारखी वाचता आली. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवलेल्या आपल्या व्यापाऱ्यांना साठ्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र सगळे बाजारातून रोज ताजे आणण्याची सवय लागली आहे.

प्रत ठेवली म्हणजे ती निर्धोक झाली असे मात्र नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा आढळला, आणि तो उघडणारी कळ बिल्डच्या तयारीच्या स्क्रिप्टमध्ये दडवलेली होती. ती ओळ सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत नव्हती, फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या संग्रहात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला नसता तर ती किती दूर गेली असती कोणास ठाऊक. शक्य असेल तेथे लायब्ररी संग्रहातून न घेता रिपॉझिटरीच्या ठरावीक कमिटवरून घ्यावी, आणि कोडचा बदल तपासतो तितक्याच बारकाईने बिल्डच्या स्क्रिप्टमधील बदलही तपासावा. पाचशे ओळींच्या बदलात बिल्डच्या फाईलच्या चार ओळी असतील तर वाचणारा त्या गाळतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्या चार ओळींसाठी वेगळ्या माणसाची संमती अनिवार्य करून टाकावी.

कशावर काय अवलंबून आहे ते खरे सांगणे

बिल्डचे पोट येथे आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्ड साधन लिहिले, त्यामागची कल्पना अजूनही बहुतेक साधनांत टिकून आहे: कोणती वस्तू कोणत्या वस्तूंपासून बनते ते सांगा, म्हणजे जे बदलले असेल त्यावरचेच काम पुन्हा होईल. ही यादी अपुरी असली तर साधन तक्रार करत नाही, ते जुनीच वस्तू निमूटपणे पुढे देते. आपल्याकडे कोणी ‘एकदा क्लीन करून बिल्ड कर, मग चालेल’ असा सल्ला देत असेल, तर ती अपुऱ्या यादीची सर्वांत ठळक खूण आहे आणि ती सवय म्हणून स्वीकारू नये. आमच्याकडे तर हे वाक्य फळ्यावर लिहिलेले होते.

ही यादी तपासण्याच्या चार चाचण्या आम्ही दर महिन्याला करतो. पहिली अगदी सोपी आहे: बिल्ड पूर्ण होताच तीच आज्ञा पुन्हा द्यावी, आणि या वेळी काहीही काम होता कामा नये, झालेच तर कोणता तरी नियम आपण सांगितलेली फाईल बनवत नाही किंवा दर वेळी एखाद्या फाईलची वेळ बदलतो. दुसऱ्या चाचणीत एखाद्या खोलवरच्या हेडरमध्ये (अनेक भाग वापरतात त्या सामाईक फाईलमध्ये) खरा बदल करावा आणि त्यावर अवलंबून असलेले सर्व भाग पुन्हा बनले का ते पाहावे. सी आणि सी प्लस प्लससाठी हेडरची यादी हाताने लिहिण्याचा हट्ट धरू नये. जीसीसी आणि क्लँगला एमएमडी आणि एमपी हे पर्याय दिले की कंपायलर स्वतःच ती यादी काढून देतो. तिसऱ्या चाचणीत बिल्ड अनेक कामे समांतर चालवून करावे. एका वेळी एक काम करताना जो क्रम योगायोगाने बरोबर येतो तो समांतर चालवताना मोडतो, आणि तेव्हा न सांगितलेले अवलंबित्व उघडे पडते. ग्नू मेकच्या २०२२ मध्ये आलेल्या ४.४ आवृत्तीत कामांचा क्रम मुद्दाम पिसणारा ‘शफल’ हा पर्याय आहे. तो रात्रीच्या बिल्डला लावून ठेवावा. चौथ्या चाचणीत कंपायलरचा एखादा पर्याय बदलून पाहावा. मेक फाईलच्या वेळेकडे पाहते, दिलेल्या आज्ञेकडे पाहत नाही, म्हणून पर्याय बदलला तरी ती जुन्याच वस्तू वापरते. निंजा हे दुसरे बिल्ड साधन मात्र आज्ञा लक्षात ठेवते आणि ती बदलली की काम पुन्हा करते.

वेळेवरून आठवले. आमची सोर्स फोल्डरे काही काळ नेटवर्कवरील ड्राइव्हवर होती आणि त्या सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे पुढे होते, त्यामुळे काही फायली भविष्यातील ठरून सतत पुन्हा बनत असत. मेक याविषयी इशारा देते. आम्ही तो कित्येक महिने वाचला नव्हता, कारण त्याच्या वर आणखी दोनशे इशारे असत. इशाऱ्यांची संख्या शून्यावर आणून मग प्रत्येक नव्या इशाऱ्याला चूक मानणे हा कंटाळवाणा उपाय आहे आणि तो लागू पडतो.

मेक किंवा निंजासाठी नियम लिहून देणारे सीमेक हे साधन वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फोल्डरमधील सर्व फायली आपोआप उचलणारी ग्लॉबची सोय आकर्षक वाटते, पण नवी फाईल आली हे सीमेकला पुन्हा चालवल्याशिवाय कळत नाही, म्हणून फायलींची नावे लिहून ठेवणे बरे. दुसरे असे की हेडरचे मार्ग आणि पर्याय संपूर्ण फोल्डरला न लावता त्या त्या टार्गेटला, म्हणजे बनवायच्या एकेका वस्तूला, लावावेत, आणि ते फक्त स्वतःसाठी आहेत की वापरणाऱ्यांपर्यंतही जायचे आहेत हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगावे. सगळेच सार्वजनिक ठेवले तर काट्याच्या ड्रायव्हरला लागणारा एक हेडर हळूहळू अख्ख्या प्रकल्पाच्या गळ्यात पडतो.

कॉन्फिगची घरे

आमच्याकडील सर्वांत जास्त रात्री कॉन्फिगने खाल्ल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मूळ कारण एकच निघाले: एखादी किंमत (सेटिंगला दिलेले मूल्य) चुकीच्या घरात राहत होती. आम्ही आता प्रत्येक किंमतीला तीन प्रश्न विचारतो. ती कधी बदलते, कोण बदलते आणि बदलल्यावर जुनी किंमत पुन्हा लागते का? या प्रश्नांच्या उत्तरांवरून तिचे घर ठरते.

बिल्डच्या वेळी ठरणाऱ्या किंमतींचे पहिले घर असते. कोणत्या प्रोसेसरसाठी बनवायचे आणि डीबगची माहिती ठेवायची का, असे मोजकेच निर्णय येथे असावेत. दुसऱ्या घरात बसवण्याच्या ठिकाणी ठरणाऱ्या किंमती येतात: डेटाबेसचा पत्ता, काट्याच्या इंडिकेटरचा सिरियल पोर्ट आणि त्याचा वेग, प्रिंटरचे नाव. एकच बनवलेली फाईल सर्व कारखान्यांत जावी आणि तिला हे तपशील बाहेरून मिळावेत, हा आमचा नियम आहे. कारखान्यागणिक वेगळी फाईल बनवणे म्हणजे न तपासलेली वस्तू ग्राहकाला देणे. तिसरे घर विदेचे (डेटाचे) आहे, आणि अनेकांना ते कॉन्फिगचेच वाटते. उसाच्या एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त व किफायतशीर दराचे, उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये हा दर होता, २०२५-२६ साठी तो ३५५ रुपये झाला. आमच्या जुन्या रचनेत हा दर सेटिंगच्या फाईलमध्ये होता. हंगाम बदलला, कोणीतरी नवा आकडा टाकला आणि मागच्या हंगामाचे दुरुस्तीचे बिल नव्या दराने निघाले. ज्या किंमतीला लागू होण्याची तारीख आहे आणि जिचा इतिहास पाच वर्षांनी लेखापरीक्षक मागणार आहे, ती किंमत कॉन्फिगमध्ये नसावी; ती डेटाबेसमध्ये, लागू तारखेसह आणि बदलणाऱ्याच्या नावासह असावी.

घरे ठरली की प्रत्येक किंमतीचे नाव, प्रकार, स्वीकार्य मर्यादा, काहीच न दिल्यास लागणारी मूळ किंमत आणि जबाबदार व्यक्ती हे सर्व एका स्कीमात (नियमांच्या आराखड्यात) लिहावे, आणि प्रोग्राम सुरू होतानाच संपूर्ण कॉन्फिग त्या स्कीमाशी ताडून पाहावे. अनोळखी नाव आढळले तर प्रोग्राम सुरूच होऊ नये. हे कठोर वाटते, पण आमच्याकडे एका काट्यावर ‘टाइमआउट’ या शब्दाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराच्या चुकीमुळे मूळ किंमत लागू राहिली होती, आणि सेटिंग बदलूनही फरक का पडत नाही याचा शोध दोन दिवस चालला, बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना. कॉन्फिग लिहिण्याच्या यामल या स्वरूपात किंमतीच्या प्रकाराबाबत विशेष सावध राहावे. यामल १.१ प्रमाणे वाचणाऱ्या लायब्ररीत अवतरणचिन्हांविना लिहिलेला ‘नो’ हा शब्द खोटे या अर्थाने घेतला जातो, ३.१० ही आवृत्ती ३.१ होते, शून्याने सुरू होणारा ०१० हा गट कोड अष्टमान पद्धतीने वाचला जाऊन ८ होतो, आणि १२:३० ही वेळ साठच्या पटीत मोजली जाऊन ७५० होते. गावांचे आणि गटांचे कोड शून्याने सुरू होणाऱ्या आपल्या जिल्ह्यात यांतील तिसरा अपघात रोजचा आहे. मजकूर असलेली प्रत्येक किंमत अवतरणात ठेवावी.

किंमती थरांनी येतात: मूळ फाईल, त्यावर कारखान्याची फाईल, त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्यावर आज्ञेसोबत दिलेला पर्याय. थर चारच्या पुढे जाऊ देऊ नयेत, आणि प्रोग्रामला अशी एक आज्ञा द्यावी की ती अंतिम किंमत आणि ती कोणत्या थरातून आली हे दोन्ही छापेल. फोनवरून अडचण सोडवताना या एका आज्ञेने आमचा जितका वेळ वाचवला तितका दुसऱ्या कशानेही वाचवला नसेल. पासवर्ड आणि किल्ल्या मात्र या छपाईत झाकलेल्या असाव्यात, आणि त्या कोणत्याही स्थितीत रिपॉझिटरीत नसाव्यात. एकदा कमिट झालेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात राहतो, म्हणून तो बदलणे हाच उपाय.

नावांविषयी एक इशारा. एकदा बाहेर गेलेले नाव परत बोलावता येत नाही. मेकफाईलमधील ओळीच्या आरंभी टॅबच हवा हा त्रास आपण आजही सोसतो. खुद्द फेल्डमन यांनी सांगितल्याप्रमाणे, तो बदलावा असे वाटले तोवर मेकचे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी मोडायला त्यांचे मन धजावले नाही. म्हणून नव्या सेटिंगचे नाव ठरवताना एककही नावातच घालावे, जसे ‘टाइमआउट-सेकंद’. जुने नाव काढायचे असल्यास एक पूर्ण हंगाम दोन्ही नावे चालू द्यावीत आणि जुने वापरल्यास लॉगमध्ये इशारा द्यावा. जुन्या नावाला नवा अर्थ देणे मात्र कधीही करू नये. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा कोड सुरू करताना एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलेला नव्हता, तेथे त्याच फ्लॅगने कित्येक वर्षे बंद असलेला जुना कोड जागा केला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. या घटनेत मृत कोड न काढणे, फ्लॅगचा पुनर्वापर आणि सर्व सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का हे न तपासणे, अशा तीन चुका एकत्र आल्या. या तिन्ही आमच्याकडेही होत्या, फक्त व्यवहाराची रक्कम लहान होती.

पर्यायांची गर्दी

होय किंवा नाही अशा दहा पर्यायांतून १,०२४ रूपे तयार होतात, आणि वीस पर्यायांतून दहा लाखांहून जास्त. ही सगळी रूपे तपासणे अशक्य असल्यामुळे प्रत्येक नवा पर्याय मागणाऱ्याला ‘हा कधी काढायचा?’ असे विचारावे व उत्तराची तारीख स्कीमात लिहावी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पर्यायांची संख्या हजारोंत आहे आणि ती केकॉन्फिग या स्वतंत्र भाषेने सांभाळली जाते. तेथील एक धडा सर्वांना उपयोगी आहे: एखादा पर्याय दुसऱ्यावर अवलंबून आहे असे सांगणे सुरक्षित असते, पण ‘सिलेक्ट’ वापरून दुसरा पर्याय बळाने चालू केला तर त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या अटी पाहिल्या जात नाहीत आणि न बनणारे मिश्रण तयार होते. कर्नलच्या लोकांकडून आम्ही आणखी एक सवय उचलली. सर्व पर्याय चालू, सर्व बंद, आणि काही यादृच्छिक मिश्रणे असे बिल्ड रात्री चालवायचे. पहिल्याच रात्री ‘सर्व बंद’ हे रूप कंपाइलसुद्धा झाले नाही.

वेगाविषयी थोडक्यात

मोजल्याशिवाय वेग वाढवायला जाऊ नये. निंजा प्रत्येक कामाची वेळ आपल्या लॉगमध्ये नोंदवते, ग्रेडल प्रोफाइलचा अहवाल देते. त्यांतून सर्वांत लांब साखळी शोधावी, कारण कितीही प्रोसेसर लावले तरी बिल्ड त्या साखळीहून लवकर संपत नाही. त्यानंतर सीकॅशसारखी कॅश (आधी बनवलेले भाग साठवून पुन्हा वापरणारी सोय) लावावी. यादी अपुरी असताना कॅश लावणे धोक्याचे आहे, कारण आधी जी चूक एका मशीनवर असे ती मग सर्वांना वाटली जाते. म्हणून हा विभाग येथे आहे, आरंभी नाही.

तीच फाईल पुन्हा

एकाच कमिटपासून दोन वेगळ्या मशीनवर बनवलेल्या फायली बाइट-बाइट सारख्या निघाव्यात, हे आमचे पुढचे काम होते. आड येणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात: कोडमध्ये कंपाइल केल्याची तारीख आणि वेळ घालणारे मॅक्रो, फाईलमध्ये उतरणारे पूर्ण मार्ग, आणि संग्रहातील फायलींचा अनिश्चित क्रम. वेळेसाठी ‘सोर्स डेट इपॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमिटच्या वेळेवर बांधावे, जीसीसी ७ पासून ते मानते. मार्गांसाठी जीसीसी ८ पासून असलेला फाईल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय द्यावा. संग्रहात घालण्याआधी नावे क्रमाने लावावीत. तरी फरक उरला तर डिफोस्कोप हे साधन तो नेमका कोठे आहे ते दाखवते. एवढा खटाटोप कशासाठी, असे आमच्या एका भागीदाराने विचारले होते. पुढे एका कारखान्याने त्यांच्याकडील फाईल आणि आमच्या टॅगवरील कोड एकच आहे याचा पुरावा मागितला, तेव्हा ती तेथेच पुन्हा बनवून हॅश जुळवून दाखवता आला.

प्रकाशनाची फाईल फक्त सीआय सर्व्हरने, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सामाईक मशीनने बनवावी, कोणाच्याही लॅपटॉपवरून कारखान्यात काही जाऊ नये, आणि प्रत्येक फाईलमध्ये कमिटचा हॅश असावा. यावर वाद घालण्यासारखे काही नाही.

जुन्या बिल्डवरून नव्यावर जाताना

एका रात्रीत सर्व बदलण्याचा मोह टाळावा. कारखान्यात गळीत संपल्यावरच गिरणीला हात लावतात, आणि ओव्हरहॉलिंग उन्हाळ्यात होते. आमचेही मोठे बदल एप्रिलनंतर आणि ऑगस्टच्या आत होतात. नवे बिल्ड जुन्याच्या शेजारी उभे करावे, सर्वांत कमी अवलंबून असलेल्या लायब्ररीपासून आरंभ करावा, आणि दोन्हींनी दिलेल्या फायली रोज आपोआप ताडाव्यात. आमच्या अशा तुलनेत जुन्या बिल्डमध्ये एक फाईल ऑप्टिमायझेशनविना (कंपायलरच्या वेग वाढवणाऱ्या बदलांविना) कंपाइल होत असल्याचे आढळले. कारण कोणालाच आठवेना. शेवटी एका जुन्या कमिटच्या निरोपात सापडले की ऑप्टिमायझेशन चालू असले की काट्याच्या वाचनात एखाद दुसरा आकडा गळत असे, म्हणजे ते बंद ठेवून एक खरी चूक झाकली जात होती. अशा विचित्र ओळी साफसफाईत पुसून टाकण्याआधी गिटचा इतिहास वाचावा, आणि कारण सापडले की ते त्याच ओळीच्या वर टिप्पणीत लिहावे.

दोन्ही बिल्ड एकत्र चालण्याचा काळ आखूड ठेवावा आणि त्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करावी. त्या काळात प्रत्येक नवी फाईल दोन ठिकाणी नोंदवावी लागते, लोक वैतागतात आणि तिसऱ्या महिन्यापासून एका ठिकाणी विसरू लागतात.

कोणी सांभाळायचे

बिल्ड सर्वांचे असते तेव्हा ते कोणाचेच नसते, आणि एकट्याचे असते तेव्हा तो माणूस आजारी पडू शकत नाही. आम्ही दोघांना जबाबदार केले असून दर चार महिन्यांनी त्यांतील एक बदलतो. मुख्य ब्रँचचे बिल्ड मोडले तर आधी तो कमिट उलटवायचा आणि कारण नंतर शोधायचे, यावर कोणाचीही परवानगी लागत नाही. ज्याचा कमिट आहे त्याने राग मानू नये असे ठरले आहे, आणि बहुधा कोणी मानतही नाही. प्रत्येक हंगामाच्या आरंभी त्या हंगामाच्या बिल्डची कंटेनर प्रतिमा, लॉकफाईल आणि लायब्ररींची प्रत एकत्र करून दोन ठिकाणी ठेवतो: एक विश्रामबागच्या नव्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, आणि दुसरी नदीपासून दूर, साताऱ्यातील एका भाड्याच्या सर्व्हरवर. हंगाम चालू असताना दुरुस्ती त्याच प्रतिमेतून निघते, साधनांची नवी आवृत्ती तेव्हा घेतली जात नाही.

कोऱ्या मशीनची परीक्षा महिन्याच्या पहिल्या सोमवारी होते आणि अजूनही सर्वांत नव्या सहकाऱ्याकडेच असते. या महिन्यात ती पंधरा दिवसांपूर्वी रुजू झालेल्या मुलीने दिली. अडीच पानांच्या जागी तिच्या वहीत दोन ओळी आल्या: पावतीचा फॉन्ट अजूनही हाताने बसवावा लागतो, आणि माहितीपत्रात लिहिलेला बिल्ड सर्व्हरचा पत्ता जुना आहे. दुसरी ओळ तिनेच दुपारपर्यंत दुरुस्त केली. फॉन्टच्या परवान्यासाठी पत्र गेले आहे, उत्तर यायचे आहे.